हाडांच्या बँकेतला फ्रीजर कसा सांभाळायचा

एक हाड उणे ८० अंशांवर सहा महिने न हलता पडून आहे. दुसरं रात्री लाईट गेल्यामुळे वितळलं आणि सकाळी पुन्हा गोठलं. दोन्ही बरण्या टेबलावर शेजारी ठेवल्या तर कोणती कुठली हे मला सांगता येणार नाही. सर्जनलाही येणार नाही. दोन्ही हाडं पांढरट-पिवळी, दोन्ही टणक, दोन्ही बरण्यांवर सारखंच दव. दूध नासलं की वास येतो, हाडाचं तसं नाही. म्हणून हाडांच्या बँकेत हाडाच्या दिसण्याला काही किंमत नाही. ते आत ठेवल्या क्षणापासून बाहेर काढेपर्यंत किती तापमानात राहिलं, याची नोंद हाच एकमेव पुरावा.

मी नागपुरात हाडांच्या बँकेत टेक्निशियन आहे. नव्याने बँक सुरू करणाऱ्या रुग्णालयांतल्या सिस्टर, ओटी इनचार्ज फोन करतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, फ्रीजर कोणता घ्यायचा?" त्याचं उत्तर पुढे देते. त्याआधी आत काय ठेवणार आहात ते नीट समजून घ्या, कारण फ्रीजरचे सगळे नियम तिथूनच निघतात.

आत काय असतं

आपल्याकडच्या बहुतेक बँकांचा साठा म्हणजे फिमरचं हेड, खुब्याच्या सांध्यातला हाडाचा गोळा. सांधा बदलताना किंवा मांडीच्या हाडाची मान मोडलेल्या म्हाताऱ्या पेशंटचं ऑपरेशन करताना तो काढावाच लागतो. संमती घेतली नाही तर तो पिवळ्या पिशवीत जातो आणि जाळला जातो. संमती घेतली तर तोच गोळा दळून एखाद्याच्या दुसऱ्यांदा बदलाव्या लागलेल्या खुब्यात, ट्यूमर खरवडून काढल्यावर उरलेल्या पोकळीत किंवा मणके जोडताना वापरता येतो. संमतीच्या वेळी आजी-आजोबा विचारतात, "माझं हे झिजलेलं हाड कुणाच्या काय उपयोगाचं?" सांधा झिजलेला असला तरी आतलं जाळीदार हाड कामाचं असतं, हे त्यांना समजेल असं सांगा. घाईत नुसती सही घेऊ नका. त्यांनी दिलेली वस्तू पुढे तुमच्या हातात राहणार आहे.

हे काम कायद्याखाली येतं. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा, त्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊती आणि टिश्यू बँकाही आल्या. नोंदणी हातात येईपर्यंत एकही हाड साठवू नका.

गोठवलेल्या हाडातल्या पेशी मरतात, आणि ते आपल्या पथ्यावरच पडतं, कारण पेशी मेल्याने घेणाऱ्याच्या शरीराचा विरोध कमी होतो. आपल्याला हवा असतो तो सांगाडा: खनिज, कोलॅजन (हाडाला चिवटपणा देणारं तंतुमय प्रथिन) आणि त्यात अडकलेली हाड वाढवणारी प्रथिनं. पेशंटचं स्वतःचं हाड त्या जाळीतून वाढत जातं आणि हळूहळू जुन्या हाडाची जागा घेतं. म्हणून नुसत्या हाडाला गोठवताना कसलंही संरक्षक रसायन लागत नाही. सांध्याच्या कूर्चेसकट तुकडा ठेवायचा असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. तिथे पेशी जगणं हाच मुद्दा असतो आणि हा लेख त्यासाठी नाही.

उणे २० का पुरत नाही

हा भाग सावकाश वाचा. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

शून्याखाली गेलं की पाणी गोठलं, संपलं, असं आपण धरून चालतो. पण ऊतींमधलं पाणी खारट असतं. त्यातलं शुद्ध पाणी आधी गोठतं आणि उरलेलं पाणी अधिकाधिक खारट होत द्रवच राहतं. मिठाचं पाणी पूर्ण गोठायला सुमारे उणे २१ अंश लागतात. म्हणजे उणे २० वर ठेवलेल्या हाडात अजून पातळ द्रवाचे बारीक कप्पे शिल्लक असतात. त्यात एन्झाइम्स मंद गतीने का होईना, काम करत राहतात. कोलॅजन तोडणारी, प्रथिनं तोडणारी, चरबी फोडणारी. एका दिवसात काही बिघडत नाही. महिने गेले की फरक साठत जातो. म्हणूनच टिश्यू बँकांमध्ये रूढ असलेली मर्यादा अशी आहे: उणे २० ते उणे ४० च्या मध्ये जास्तीत जास्त सहा महिने, उणे ४० किंवा त्याहून थंड असेल तर पाच वर्षं.

दुसरी अडचण बर्फाच्या खड्यांची. तापमान वर-खाली होत राहिलं की लहान खडे विरतात आणि मोठे वाढतात. एकदा वितळून पुन्हा गोठवलेलं आइस्क्रीम कसं रवाळ लागतं, तसंच. म्हणून स्थिर उणे ७० हे हेलकावे खाणाऱ्या उणे ८० पेक्षा चांगलं.

ताकदीच्या बाबतीत मात्र घाबरून जाऊ नका. नुसत्या गोठवण्याने हाडाची यांत्रिक ताकद फारशी कमी होत नाही. ती कमी होते गोठवून सुकवण्याने, म्हणजे फ्रीज-ड्राय केल्यावर हाड ठिसूळ होतं, आणि जास्त गॅमा किरण दिल्याने. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयातली टिश्यू बँक १९८८ पासून फ्रीज-ड्राय करून गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेली ग्राफ्ट्स, म्हणजे पेशंटला बसवायचे हाडांचे तुकडे, तयार करते. ती खोलीच्या तापमानाला ठेवता येतात. ज्या रुग्णालयात विजेचा भरवसा नाही त्यांनी स्वतःचा फ्रीजर घेण्याऐवजी अशी ग्राफ्ट्स मागवावीत, हे माझं स्पष्ट मत आहे. वजन पेलायचं नसेल, नुसती पोकळी भरायची असेल, तर ती उत्तम काम करतात.

आता घरगुती फ्रीजबद्दल. एका रुग्णालयात ओटीच्या डबल डोअर फ्रीजच्या वरच्या कप्प्यात हाडं ठेवलेली मी पाहिली. बर्फ साचत नाही म्हणून सगळ्यांना तो फ्रीज सोयीचा वाटत होता. बर्फ साचत नाही, कारण आतला हीटर ठरावीक वेळाने सुरू होऊन तो वितळवतो. म्हणजे हाडाला पुन्हा पुन्हा ऊब मिळते आणि फिरत्या हवेने ते सुकतही जातं. असा फ्रीज हाडासाठी कधीच वापरू नका, 'दोन दिवसांपुरता' सुद्धा नाही.

एकशेऐंशी दिवसांचं गणित

गोठवणं म्हणजे निर्जंतुक करणं नव्हे. थंडीत जंतू थांबतात, मरत नाहीत. विषाणूंचंही तेच. अमेरिकेत १९८५ मध्ये एका मृत दात्याची एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह आली होती, कारण लागण अगदी ताजी होती. त्याचे अवयव मिळालेल्या चौघांना आणि प्रक्रिया न करता गोठवलेलं हाड मिळालेल्या तिघांना एचआयव्ही झाला. त्याच दात्याचं अल्कोहोलने प्रक्रिया केलेलं हाड मिळालेले, तपासणी झालेले सगळे निगेटिव्ह निघाले. हाडातली मज्जा आणि रक्त धुऊन काढणं का महत्त्वाचं, हे यातून कळतं.

म्हणून जिवंत दात्याची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि सिफिलिससाठी एकदा दानाच्या वेळी तपासणी होते आणि १८० दिवसांनी पुन्हा. दोन्ही स्वच्छ आल्याशिवाय हाड बाहेर पडत नाही. (एनएटी, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश थेट शोधणाऱ्या तपासणीची सोय असेल तर काही बँका हा काळ कमी करतात. ते तुमच्या वैद्यकीय संचालकांनी लेखी ठरवायचं.)

आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. उणे २० वर मुदत सहा महिन्यांची आणि दात्याची दुसरी तपासणीही सहा महिन्यांनी. ज्या दिवशी हाड वापरायला मोकळं होतं, जवळपास त्याच दिवशी ते बाद होतं! उणे २० चा फ्रीजर घेऊन बँक काढणाऱ्याला हे सहा महिन्यांनी कळतं, तेव्हा बरण्या भरलेल्या असतात आणि त्यातलं एकही हाड देता येत नाही. दात्यांनी विश्वासाने दिलेलं ते सगळं पिवळ्या पिशवीत. मला याचा फार त्रास होतो, म्हणून प्रत्येक फोनवर हे गणित मी आधी सांगते.

फ्रीजर घेताना आणि लावताना

उणे ८० चा अल्ट्रा-लो फ्रीजर घ्या. हाडाला उणे ४० पुरतं, मग उणे ८० कशाला? बंद पडल्यावर हाताशी वेळ राहावा म्हणून. उणे ८० पासून उणे ४० पर्यंत चढायला जे तास लागतात, तेवढ्यात तुम्हाला धावपळ करायची आहे.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. या फ्रीजरमध्ये दोन कॉम्प्रेसर एकामागे एक काम करतात आणि आतली सगळी उष्णता खोलीत फेकतात. बंद खोलीत तो स्वतःच्याच उष्णतेने दमतो. तेव्हा एसी हवाच, आणि तोही जनरेटरच्या लाईनवर. फ्रीजर चालू आणि एसी बंद, अशी अर्धवट सोय बऱ्याच ठिकाणी दिसते. भिंतीपासून वीतभर जागा सोडा. उन्हाळ्यात सेटिंग उणे ७५ वर आणलं तर कॉम्प्रेसरवरचा ताण कमी होतो आणि हाडाचं काही बिघडत नाही.

स्वतंत्र सॉकेट, स्वतंत्र एमसीबी, आणि सॉकेटला झाकण. साफसफाईच्या वेळी मावशींनी पोछ्याच्या मशीनसाठी प्लग काढला, असं होऊ शकतं आणि त्यात त्यांची चूक नसते. झाकणावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा: 'हा प्लग काढू नये. आत दान केलेली हाडं आहेत.' नुसतं 'काढू नये' लिहिण्यापेक्षा कारण लिहिलेलं लोक जास्त पाळतात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. फ्रीजरच्या दारावर दिसणारा आकडा हे हाडाचं तापमान नव्हे. तो आकडा एका जागच्या सेन्सरचा असतो. उभ्या फ्रीजरमध्ये वरचा कप्पा खालच्यापेक्षा गरम असू शकतो, दाराजवळचा भाग मागच्यापेक्षा. म्हणून बँक सुरू करण्याआधी रिकाम्या आणि मग भरलेल्या फ्रीजरचं मॅपिंग करून घ्या. वर, मध्ये, खाली, पुढे, मागे प्रोब (तापमान मोजणाऱ्या काड्या) ठेवून निदान २४ तास. जिथे सगळ्यात गरम निघेल तिथे तुमचा कायमचा प्रोब बसवा. उघडा प्रोब दार उघडताच उडी मारतो आणि उगाच अलार्म वाजवतो. तो ग्लायकॉलच्या छोट्या बाटलीत किंवा अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात बसवला की बरणीतल्या हाडासारखा हळू हलतो. डेटा लॉगर, म्हणजे तापमान आपोआप नोंदवणारं यंत्र, फ्रीजरच्या सेन्सरपासून वेगळा, बॅटरीवर चालणारा, दर पाच-दहा मिनिटांनी नोंद करणारा. वर्षातून एकदा कॅलिब्रेशन (आकडा अचूक आहे का याची तपासणी), त्याचं प्रमाणपत्र फाईलला.

लॉगर असला तरी दिवसातून दोनदा माणसाने जाऊन आकडा लिहायचाच. घरघर बदलली आहे, दाराच्या कडेला बर्फ दिसतोय, हे लॉगर सांगत नाही.

बरणी आणि पिशवी

हाड ओटीतच निर्जंतुक हातांनी साफ होतं. चिकटलेलं मांस, कूर्चा काढायची, स्वॅब आणि हाडाचा छोटा तुकडा कल्चरला, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते बघायला, पाठवायचा. मग निर्जंतुक पॉलिप्रॉपिलीनची बरणी, तिच्यावर एक पिशवी, त्यावर दुसरी. काचेची बरणी नको, तडकते. साधं पीव्हीसी प्लास्टिक उणे ८० ला कडकडीत होऊन चिरतं, आणि चीर दिसत नाही. पिशवीतली हवा दाबून काढा, कारण मोकळ्या जागेत हाडातलं पाणी उडून कडेला हिम होऊन बसतं आणि हाड वरून सुकतं.

लेबल खास फ्रीजरचं हवं. साधं स्टिकर महिन्याभरात सुटून कप्प्यात खाली सापडतं आणि नाव नसलेली बरणी म्हणजे बाद झालेली बरणी. लेबलवर दात्याचं नाव नसतं, कोड असतो. सोबत तारीख, डावं-उजवं, रक्तगट आणि आरएच. आरएच का? प्रक्रिया न केलेल्या हाडात रक्त राहतं. आरएच निगेटिव्ह तरुण मुलीला पॉझिटिव्ह दात्याचं हाड बसलं तर तिच्या रक्तात अँटिबॉडी तयार होऊ शकतात आणि पुढे गरोदरपणात बाळाला धोका. हा मुद्दा ऑर्थोच्या लोकांच्या लक्षातून निसटतो, तेव्हा तो बँकेनेच धरून ठेवायचा.

नवीन, अजून गरम असलेल्या बरण्या जुन्यांना चिकटून ठेवू नका. वेगळा कप्पा ठेवा आणि गोठल्यावर जागेवर हलवा. तपासणी बाकी असलेली हाडं आणि मोकळी झालेली हाडं वेगळ्या फ्रीजरमध्ये. ते परवडत नसेल तर वेगळ्या कप्प्यांत, लाल आणि हिरव्या पट्टीसह, आणि लाल कप्प्याला कुलूप. दारावर बाहेरून नकाशा लावा. कोणता कोड कोणत्या कप्प्यात, कितव्या रांगेत. दार उघडून शोधत बसायचं नाही, आधी नकाशा बघायचा, मग उघडायचं, मिनिटाच्या आत बंद. बंद केल्यावर आत पोकळी तयार होते आणि दार काही मिनिटं घट्ट बसतं. ओढाताण करू नका, हँडल तुटतं. थोडं थांबलं की सुटतं.

महिन्यातून एकदा: कंडेन्सरची जाळी काढून धुवा (रुग्णालयात चादरींचा कापूस भरपूर उडतो), दाराच्या कडेचा बर्फ प्लास्टिकच्या खरवडणीने काढा, आणि रबरात कागदाची पट्टी अडकवून दार लावून ओढून बघा. पट्टी सहज निघाली तर तिथे सील सैल आहे. स्क्रू ड्रायव्हरने बर्फ फोडू नका.

लाईट गेल्यावर

"ताई, रात्री लाईट गेली होती, जनरेटर लागलाच नाही. आता फ्रीजर उणे ७८ दाखवतोय. हाड चालेल ना?" असा फोन आला की माझा एकच प्रश्न असतो: लॉगर सगळ्यात वर कुठपर्यंत गेला?

सगळ्यात वरचा आकडा उणे ४० च्या खालीच राहिला असेल तर हाडं ठीक आहेत. घटना रजिस्टरमध्ये लिहा, तारखेसह, वेळेसह. उणे ४० आणि उणे २० च्या मध्ये काही तास गेले असतील तर ते तास त्या प्रत्येक हाडाच्या सहा महिन्यांच्या मुदतीत धरा आणि तसं लेबलच्या नोंदीत चढवा. उणे २० च्या वर गेलं असेल तर सगळा साठा लाल कप्प्यात, आणि निर्णय वैद्यकीय संचालकांचा, लेखी. वितळलेलं असेल तर बाद. आणि लॉगर नसेल? मग उत्तर देताच येत नाही, आणि ज्याचं उत्तर देता येत नाही ते हाड माणसाच्या शरीरात घालता येत नाही.

तुमच्या फ्रीजरला उणे ४० गाठायला किती वेळ लागतो, हे कंपनीच्या पुस्तकातून घेऊ नका. हाडं ठेवण्याआधी, उन्हाळ्यात, बरण्यांच्या जागी पाण्याच्या बाटल्या गोठवून फ्रीजर बंद करा आणि घड्याळ लावा. तो वेळ दारावर लिहून ठेवा. रात्रपाळीच्या माणसाला तेवढं एक वाक्य पुरतं. भरलेला फ्रीजर रिकाम्यापेक्षा जास्त टिकतो, म्हणून साठा कमी असेल तेव्हा मोकळ्या कप्प्यांत बर्फाचे पॅक ठेवा. ते एकदम सगळे नकोत, रोज थोडे थोडे. आणि लाईट नसताना 'बघू तरी' म्हणून दार उघडू नका.

कोरड्या बर्फाचा पुरवठादार आधीच ठरवून ठेवा. तो उणे ७८ अंशांचा असतो, म्हणजे हाडासाठी अगदी योग्य. जाड हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत त्याचा वायू साठला तर माणूस गुदमरतो. घट्ट झाकणाच्या डब्यात तो भरू नका, डबा फुटतो. दुसऱ्या रुग्णालयात हाड पाठवतानाही थर्माकोलच्या पेटीत हाच बर्फ आणि सोबत छोटा लॉगर. पेटी पोचल्यावर लॉगर वाचूनच त्यांनी सही करायची.

वापरताना

सर्जनने मागितल्याशिवाय हाड काढू नका. 'लागलं तर असू द्या' म्हणून बाहेर काढून ठेवलेलं हाड नंतर परत फ्रीजरमध्ये जात नाही. ट्रॉलीवर बरणी आली की बाहेरची पिशवी फिरत्या सिस्टरने उघडायची, आतली निर्जंतुक हातांनी. कोड, आरएच आणि मुदत दोघींनी मोठ्याने वाचून जुळवायची. मग कोमट, साधारण ३७ अंशांपर्यंतच्या निर्जंतुक सलाईनमध्ये हाड पूर्ण बुडवायचं. गोळा अख्खा असेल तर मध्यापर्यंत वितळायला अर्धा तास तरी लागतो. घाईने उकळत्या पाण्याजवळ नेऊ नका, प्रथिनं तिथेच खराब होतात. वितळल्यावर एक तुकडा पुन्हा कल्चरला. दळण्याआधी किंवा दळल्यावर जोराच्या फवाऱ्याने धुऊन चरबी आणि मज्जा जितकी निघेल तितकी काढा. चरबी गेली की पेशंटच्या रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागा मिळते आणि जुन्या साठ्यातल्या खवट चरबीचा त्रासही राहत नाही.

उरलेले तुकडे पिवळ्या पिशवीत. बरणीवरच्या लेबलचा एक भाग पेशंटच्या केसपेपरवर, दुसरा बँकेकडे परत, त्यावर पेशंटचा नंबर, ऑपरेशनची तारीख आणि सर्जनची सही. ती चिठ्ठी चार दिवसांत आली नाही तर ओटीला फोन करा, आणि आली नाही तोवर करत राहा. उद्या त्या दात्याच्या एखाद्या रिपोर्टमध्ये काही निघालं, तर त्याचं हाड कोणाकोणाला बसलं हे याच चिठ्ठीवरून शोधायचं असतं.